माइकला टोपडं

त्र्यंबक आगाशे यांना डोंबिवलीतल्या त्यांच्या गल्लीत ‘आवाजवाले सर’ म्हणत, आणि हे नाव आपल्याला आवडत नाही असं ते दाखवत. चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, पण तेवढ्यावर गल्लीत कोण कुणाला ओळखतं? ओळख झाली ती गॅलरीतल्या माइकमुळे. २००५ साली त्यांनी ग्रिलच्या बाहेर एक लांब दांडी काढली, तिच्या टोकाला माइक बसवला आणि त्याची वायर आत टेबलावरच्या आवाज मोजायच्या मीटरला जोडली. तेव्हापासून गणपती, नवरात्र आणि दिवाळीत रोज संध्याकाळी सात ते दहा, दर पाच मिनिटांनी आकडा वहीत. वीस वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या साठीशांतीला ते याच पायी गेले नाहीत, आणि मेव्हणे ती गोष्ट अजून विसरलेले नाहीत.

वह्यांमधून निघणारी हकिकत सरळ होती. २०१६ पर्यंत विसर्जनाच्या मिरवणुकीत आकडा चौऱ्याण्णव डेसिबलच्या आसपास असायचा. त्याच वर्षी सर निवृत्त झाले, हाताशी वेळ आला आणि त्यांनी गल्लीतल्या मंडळाशी भांडण मांडलं. पत्रं लिहिली, मांडवात जाऊन तावातावाने बोलले, स्पीकरच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. मंडळाचा अध्यक्ष सर्वेश तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो हसून “हो काका, बघतो काका” म्हणायचा. पुढच्या वर्षी आकडा निघाला सत्त्याऐंशी. सात डेसिबल कमी! ऐकणाऱ्याला सात म्हणजे किरकोळ वाटेल, पण आवाजाच्या हिशेबात जोर थेट पाचव्या हिश्शावर आला. सरांचे डोळे भरून आले होते. ते मांडवात गेले, सर्वेशला हात जोडले आणि म्हणाले, “तुम्ही मुलांनी माझं ऐकलंत.” त्यानंतर आठ वर्षं त्यांनी मंडळाला एक ओळ लिहिली नाही की चढा शब्द काढला नाही. जिंकलेलं भांडण कोण पुन्हा उकरतं?

यंदा देशभरच्या ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांचा हिवाळी मेळावा ठाण्यात, खोपटजवळच्या एका कॉलेजात भरणार होता. त्याच्या पत्रकात एक आवाहन होतं : पाच शहरांतल्या वस्त्यांचा आवाज वर्षानुवर्षं कसा बदलला याचा एकत्र अभ्यास करायचा आहे, ज्यांच्याकडे जुन्या नोंदी असतील त्यांनी सामील व्हावं. शोधनिबंधावर सगळ्यांची नावं येतील. हे शेवटचं वाक्य सरांनी तीनदा वाचलं. दुसऱ्यांच्या शोधांवर चौतीस वर्षं खडू झिजवला, पण स्वतःच्या नावाचा एक निबंध कुठे छापून आला नव्हता. हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या पत्नीला, मंदाकिनीबाईंना, ते न सांगता माहीत होतं.

सरांनी वह्यांचे फोटो पाठवले. चारच दिवसांत मृणालचा फोन आला. ही मुलगी त्या अभ्यासाची सूत्रं सांभाळत होती. “सर, एकाच जागेवरून वीस वर्षं? अख्ख्या देशात असं कुणाकडे नाहीये. रविवारी तुम्ही दहा मिनिटं बोलायचं. फक्त त्याआधी मी येऊन मीटर तपासून जाईन, तेवढा नियम आहे.”

“अवश्य या,” सर म्हणाले. त्याच संध्याकाळी ते सर्वेशकडे गेले आणि त्याला रविवारचं आमंत्रण देऊन आले. स्टेजवरून मंडळाचे जाहीर आभार मानायचे होते. सर्वेश जरा घुटमळला, मग म्हणाला, “येतो ना काका. तुम्ही बोलावलंय म्हटल्यावर येणारच.”

मृणाल बुधवारी आली. तिच्याकडे मुठीएवढं एक यंत्र होतं. ते माइकवर बसवलं की बरोबर चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर काढतं, आणि मीटरने चौऱ्याण्णवच दाखवायला हवं, अशी ती परीक्षा. सरांनी दांडी आत ओढली. मृणालने टोकावरचा काळा बोंडा हातात घेतला, दाबून पाहिला आणि विचारलं, “सर, हे काय आहे?”

“वाऱ्यासाठीचा फोम. तो असतोच.”

“नाही सर. याला शिवण आहे.”

सरांनी चष्मा वर केला. काळ्या छत्रीच्या कापडाचं, आत गादीचा कापूस भरलेलं, खाली नाडीने बांधलेलं ते चक्क एक टोपडं होतं.

चहाचा ट्रे घेऊन मंदाकिनीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितलं, “मी शिवलंय. तुमचा तो फोम कुजून गेला होता हो. कबुतरं चोच मारून तुकडे नेत होती. म्हटलं, एवढं महागाचं यंत्र, उघडं कसं राहू द्यायचं?” या घरात उघडं काहीच राहत नसे. मिक्सरला झबलं होतं, टीव्हीला झालर होती आणि रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. सरांनाही थंडीत कानटोपीशिवाय गॅलरीत जायची मुभा नव्हती. दांडीच्या टोकाकडे सर खालून बघायचे. काळं काहीतरी दिसलं की त्यांचं समाधान व्हायचं.

“काकू, हे कधी घातलं ते आठवतंय?”

“न आठवायला काय झालं? सान्वीच्या, आमच्या नातीच्या, बारशाच्या आधीच्या शनिवारी. २०१६ची दिवाळी नुकतीच झाली होती. दर दिवाळीनंतर काढते, धुते, वाळलं की पुन्हा घालते.”

मृणालने गॅलरीत एक छोटा स्पीकर लावला. एकदा टोपडं काढून मोजलं, एकदा घालून मोजलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. दर वेळी फरक तोच, सात डेसिबल.

सर टेबलाशी बसले. पूर्वी दरवर्षी ते कॉलेजातलं असंच यंत्र आणून मीटर तपासायचे. निवृत्तीनंतर ते मागायला जायचा त्यांना संकोच वाटला आणि तपासणी राहिली ती राहिलीच. चूक टोपड्याची नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तपासणी चुकवली असती तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

“म्हणजे आवाज कमी झालाच नाही,” ते म्हणाले. आणि एकदम मान वर करून म्हणाले, “पण थांबा! मला स्वतःला कमी ऐकू येत होता. २०१७ नाही म्हणा, पण नंतर दरवर्षी थोडा थोडा कमी. यंत्र चुकेल, पण मी काय बहिरा आहे?”

मृणालने कपात बघितलं. मंदाकिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “गेली पाच-सहा वर्षं मी तुमच्याशी ओरडून बोलते. सोसायटीतल्या बायका विचारतात, रोज कसलं भांडण चालतं म्हणून.”

सरांना राग आला नाही, लाज वाटली, आणि त्या लाजेच्या तळाशी कुठेतरी बायकोबद्दल अपार माया वाटली. सहा वर्षं ही बाई शेजारणींच्या नजरेत कजाग ठरली, पण आपल्याला कमी ऐकू येतं हे हिने आपल्याला कळू दिलं नाही.

मृणाल हलकेच म्हणाली, “सर, एक करता येईल. २०१६ पर्यंतचा डेटा एकदम स्वच्छ आहे. बारा वर्षंही खूप झाली. पुढचं आपण घेतलंच नाही तर कुणी विचारणार नाही. किंवा मग टोपड्याचा फरक मोजून पुढची वर्षं दुरुस्त करायची. काकूंना तारीख पक्की माहितीये, त्यामुळे तेही होईल. पण मग निष्कर्ष उलटा येणार, आणि तो तुम्हालाच सांगावा लागेल.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “बाराच घ्या. मंडळाच्या पोरांसमोर कशाला शोभा?”

सरांनी वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. बारा वर्षांवरही नाव छापून येणार होतं. गल्लीत मान राहणार होता. सर्वेशचे आभारही मानता आले असते, आणि ते खोटे आहेत हे कुणाला कळलंही नसतं. त्यांनी अख्खा गठ्ठा मृणालकडे सरकवला. मग म्हणाले, “वीसच्या वीस जातील. आणि मृणाल, निबंधावर हिचंही नाव घाला. दुरुस्तीची तारीख तिची आहे.”

“इश्श,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण निबंधावर नावांचा क्रम कसा असतो हे त्यांनी मृणालला जाता जाता विचारून घेतलंच.

रविवारी सभागृहात शंभरेक माणसं होती. कुणी पुलांचा आवाज मोजणारे, कुणी नाट्यगृहं बांधणारे, एक बाई फक्त वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या. सर्वेश मागच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसला होता. सरांनी पहिला आलेख दाखवला, त्यात आठ वर्षांची शांतता होती. मग दुसरा दाखवला. त्यात रेघ २००५ पासून आजपर्यंत सरळ, चौऱ्याण्णवच्या आसपास.

“आमच्या गल्लीतला आवाज कमी झाला, असं मी आठ वर्षं सांगत होतो,” ते म्हणाले. “तो झाला नाही. मी यंत्र तपासलं नाही आणि स्वतःचे कानही तपासले नाहीत. आकडे मला हवे तसे आले म्हणून मी प्रश्न विचारला नाही. तुमच्यातल्या तरुणांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.” टोपड्याचा फोटो आला तेव्हा सभागृह हसलं, आणि सरही हसले. टाळ्या मात्र त्यानंतर, जरा थांबून आल्या आणि बराच वेळ चालल्या.

बाहेर कान तपासून द्यायची सोय होती. काचेच्या बंद पेटीत बसायचं, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मृणालने सरांना तिथे नेऊन बसवलं. निकाल तिनेच समजावला. दोन्ही कान उतरले होते, डावा जरा जास्त. सरांनी आशेने विचारलं, “मिरवणुकींमुळे?”

“नाही सर. हे वयाचं आहे.”

सरांची निराशा झाली, खोटं कशाला बोला. बहिरेपणाचा दोष मंडळावर टाकायला त्यांना आवडलं असतं.

तेवढ्यात सर्वेश जवळ आला. “काका, सॉरी. त्या वर्षी आम्ही काहीच कमी केलं नव्हतं. तुम्ही येऊन हात जोडलेत ना, मग बोलायची डेअरिंगच नाय झाली. पोरं म्हणाली, जाऊ दे ना, काका खूश आहेत.” आणि मग पेटीकडे बघून तो मृणालला म्हणाला, “मॅडम, मी पण बसू का? झोपायला गेलो की कानात शिट्टी वाजते. मला वाटलं, बीपी असेल.”

तो बसला. दर मिरवणुकीत टेम्पोवर, स्पीकरच्या शेजारी उभा राहणारा तेहतीस वर्षांचा मुलगा बटण हातात धरून वाट बघत होता, आणि बाहेरून मृणाल एकामागून एक सोडत असलेले सूर त्याच्यासाठी वाजतच नव्हते. कागद हातात आला तेव्हा रेघेच्या मध्ये खोल खड्डा होता. मृणालने आवाज खाली आणून सांगितलं, “हे वयाचं नाही. मोठ्या आवाजाचं आहे. गेलेलं परत येत नाही. जे आहे ते मात्र सांभाळता येईल.”

सर्वेशने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. सर त्याच्या शेजारी बाकावर बसले. निबंधाचा आनंद आता त्यांना कुठे सापडत नव्हता. आठ वर्षं! चांगला भांडत होतो, तसाच भांडत राहिलो असतो तर? कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित हा मुलगा एखाद्या वर्षी वैतागून तरी स्पीकरपासून दूर गेला असता.

“मी यायला हवं होतं रे,” ते म्हणाले. “दरवर्षी यायला हवं होतं.”

“मग आता या ना. गुरुवारी शिवजयंतीची मीटिंग आहे. नवीन पोरं लय डेंजर आहेत, माझ्या एकट्याच्याने होणार नाय. फुल भांडायचं पण, काका. हात जोडायचे नाय.”

“येतो. फक्त मला तुझ्या डाव्या हाताला बसव. डाव्या कानाने मला कमी येतं.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

सर्वेशने घडी पुन्हा उलगडून पाहिली. “माझापण डावाच गेलाय जास्त.”

सरांनी हाताने हवेत दोन खुर्च्या मांडून पाहिल्या. कशाही ठेवल्या तरी दोघांतला एक जण दुसऱ्याच्या डावीकडेच येत होता.

“मग आपण समोरासमोर बसू,” ते म्हणाले.