सहज सुचण्याजोगं

पेटंट कार्यालयाचं पत्र इंग्रजीत होतं. संगीताचा अर्ज मीच लिहिला होता, म्हणून ती पत्र घेऊन थेट आर्णीला, मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आली.

तिचा नवरा धम्मरत्न तीन वर्षांपूर्वी कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन गेला. पुढच्या हंगामाआधी तिने फवारणीचा अंगरखा शिवला: रेनकोटचं कापड, त्यालाच जोडलेली टोपी आणि टोपीला हेल्मेटची काच. शेजारचा गोपाल तो घालून वावरात निघाला की लोक विचारायचे, "काहो, चंद्रावर चालले का?" पण त्या हंगामात गोपालला एकदाही मळमळलं नाही. पेटंटमधून पैसे मिळावेत असं संगीता कधी म्हणाली नाही. ही वस्तू नवी आहे, एवढा सरकारी शिक्का तिला हवा होता.

"काय म्हणते कागद?"

"नाही म्हणतात."

"काहून?"

मी जमेल तितकं नेमकं भाषांतर केलं. "टोपी जुनी, काच जुनी, रेनकोट जुना. ते एकत्र जोडणं या कामातल्या सामान्य कारागिराला सहज सुचलं असतं, असं लिहिलंय."

"सामान्य कारागीर म्हंजे कोण?"

"खरा कोणी नसतो. शिवणकाम येणारं, फवारणी ठाऊक असलेलं कोणीही."

"म्हंजे मीच ना."

मी पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं.

"रेनकोट खुंटीले होता, मॅडम. हेल्मेट गाडीले अडकवलं होतं. मी मशीनवरच बसली होती, ब्लाऊज शिवून राह्यली होती. ते फवाराले निघाले, म्हणे, लय वारा आहे आज, डोये झोंबते. मी म्हटलं, रुमाल बांधा." तिने पत्रावर बोट ठेवलं. "सहज सुचण्यासारखं होतं, तर मले त्या दिवशी काहून नाही सुचलं?"

वस्तू एकदा समोर आली की सगळ्यांनाच सोपी वाटते, अपिलात हेच मांडू, असं मी म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. तिच्यापर्यंत ते पोचलं नाही.

"पेटंट राहू द्या. ज्याले शिवाचं त्यानं शिवावं," ती म्हणाली. "फक्त त्या साहेबाले एक ओळ लिहून द्याले सांगा. हे कोणालेच सुचण्याजोगं नव्हतं म्हणून."

पेटंट म्हणजे तीच ओळ असते.  मी कोरा कागद ओढला आणि अपील लिहायला घेतलं.