कच्ची वही, पक्की वही

आमचं कॉलेज लहान. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एकच, तिला लागून माझी कोठी, आणि कोठीच्या खिडकीत माझी फूटनोंद. कोणी काय फोडलं, कधी फोडलं, एवढंच तिच्यात लिहायचं असतं. पण बावीस वर्षं ही वही सांभाळल्यावर मी माणसं फुटलेल्या काचेवरूनच ओळखतो. काही जण तुकडे बेसिनखाली सरकवतात आणि आठवडाभर माझ्याशी फार गोड बोलतात. काही जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतात.

ही मुलगी मात्र काचेचा आवाज विरायच्या आत खिडकीशी हजर. "सॉरी काका." पिपेट. पुढच्या आठवड्यात पुन्हा "सॉरी काका." बीकर. तिसऱ्या खेपेला फोडलं होतं तिच्या जोडीदाराने, मी स्वतः पाहिलं होतं, तरी सॉरी म्हणायला हीच पुढे. दोन विमानं बदलून शिकायला आलेली. वर्गात परदेशी अशी ही एकटीच. तिचं नाव आमच्या जिभेला वळेना, आणि वळवायची तसदीही कोणी घेतली नाही. मी तिला 'सॉरी' म्हणू लागलो, पोरांनी ते उचललं. तीही हसायची. हसते आहे म्हणजे चालतंय, असा हिशेब मी मांडून टाकला.

मग एका बुधवारी दुपारी ती खिडकीशी आली, आणि काच काहीच फुटलेली नव्हती.

"काका, इथे नीटनेटकं लिहिणं गुन्हा आहे का?"

झालं होतं ते असं. आमच्याकडे प्रयोगाची वही एकच. ब्युरेटच्या लांब काचनळीतून थेंब थेंब सोडायचे, रंग बदलला की आकडा वाचायचा आणि तिथल्या तिथे शाईने लिहायचा. चुकलं तर एक आडवी रेघ. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. हिच्या वहीत रेघ नव्हती, डाग नव्हता, अक्षर तर लग्नपत्रिकेसारखं. आणि तीन प्रयोगांत मिळून पंधरा वेळा आकडा एकच, चोवीस. हिच्या सरांचा रंग तसाही पटकन बदलतो, म्हणून आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना लिटमस म्हणतो. वही पाहून ते लालबुंद झाले. शुक्रवारी सकाळी चौकशी समिती. आकडे बनावट ठरले तर नाव कमी, आणि नाव कमी झालं की व्हिसा संपला.

"आकडे आणलेस कुठून?" मी विचारलं.

"कच्च्या वहीतून. आमच्याकडे प्रयोग कच्च्या वहीत करतात आणि घरी पक्क्या वहीत उतरवतात. बाबा स्वतः शाळेत विज्ञान शिकवतात. पक्की वही बघून घरचं वळण कळतं, म्हणतात."

"उतरवताना जुळवलेस?"

ती खाली बघू लागली. "उत्तर चोवीस यायला हवं होतं. तिकडे सगळेच जुळवतात, काका."

"ते चूकच आहे, बाई. तिथेही आणि इथेही." मी जरा करड्या आवाजात म्हणालो. "कच्ची वही कुठे आहे?"

तिने बॅगेच्या तळातून ती काढली. पुठ्ठा निखळलेला, एका कोपऱ्याला आम्लाने पाडलेलं भोक. पण आत खरे आकडे: चोवीस पूर्णांक तीन, तेवीस पूर्णांक सहा, एक अगदीच वाह्यात एकतीस. मधेच 'पिपेट फुटलं', तारखेसकट. ती तारीख माझ्या फूटनोंदीशी बरोबर जुळत होती.

"अगं, मग घाबरतेस कशाला? ही दाखव!"

"नाही दाखवता येणार." तिने वही छातीशी धरली. "समासात मी काहीबाही लिहिलंय. आमच्या भाषेत. सरांबद्दल."

"काय?"

"त्यांचं नाक ब्युरेटसारखं आहे. टोकाला नेहमी एक थेंब लटकलेला असतो, पडत मात्र नाही."

मला हसू आवरेना. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. परत जायचं की सरांचं नाक दाखवायचं, एवढेच दोन रस्ते होते तिच्यापुढे.

शुक्रवारी तिने वही टेबलावर ठेवली. प्राचार्या बाई, गणिताचे सर आणि लिटमस. साक्षीला मी, फूटनोंद घेऊन. प्राचार्या बाईंनी तारखा ताडून पाहिल्या, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तारखा जुळतात. पण इथे चार ठिकाणी 'सॉरी' लिहिलंय. ही सॉरी कोण?"

बावीस वर्षांत माझ्या वहीत कोणी चूक काढली नव्हती. "हीच," मी पुटपुटलो.

तेवढ्यात लिटमसनी समासावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

अभ्यासाच्या खुणा आहेत म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? पण तिने थेट नाकाचं सांगितलं, थेंबासकट. गणिताच्या सरांना एकाएकी खोकला आला. लिटमसनी नकळत रुमाल काढला, नाक पुसलं, आणि कानापर्यंत लाल झाले.

"आणि ही ओळ? जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी आहे. तीही माझ्यावरच?"

"नाही सर." तिचा आवाज बारीक झाला. "आजही कोणी मला माझ्या नावाने हाक मारली नाही, असं लिहिलंय."

लिटमस पानं उलटत राहिले. अकरा पानं. मीही त्यांच्याबरोबर मोजली.

जुळवाजुळवीबद्दल तिन्ही प्रयोगांना शून्य मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण खरे आकडे हाताशी होते, म्हणून प्रकरण बनावट ठरलं नाही, नाव राहिलं. लिटमसनी पक्की वही कपाटात टाकली आणि कच्ची तिच्या हातात दिली. "पुढचे प्रयोग हिच्यातच. शाईने. समास मी तपासणार नाही."

ती माझ्या मागोमाग कोठीपर्यंत आली. मी फूटनोंद उघडली, चारही ठिकाणी 'सॉरी'वर एकेक आडवी रेघ मारली, नियमाप्रमाणे. तिसरी नोंद तर तिच्या जोडीदाराची होती. तिथे त्याचं नाव घातलं. मग पेन उचललं आणि तसाच थांबलो, कारण पुढे काय लिहायचं ते मला येत नव्हतं.

"सांग," मी म्हणालो. "सावकाश सांग. मी म्हातारा माणूस आहे, दोनदा सांगावं लागेल."

पाचदा सांगावं लागलं. पाचव्यांदा मी म्हटलं तेव्हा ती "ओ" म्हणाली.