बसायची सोय

सकाळी पलंगावरून उतरायचं म्हटलं की मोठ्या सिस्टरबाईंच्या अंगावर काटा यायचा. रात्रभर मुकाट पडलेली उजवी टाच जमिनीला टेकली रे टेकली, की तापलेला खिळा ठोकल्यासारखी कळ डोक्यापर्यंत जायची. भिंत धरून खोलीभर चाललं की ती जरा मऊ पडायची. मग दिवसभर उभं राहता यायचं. पण मध्येच कुठे टेकलं आणि परत उठलं की पुन्हा तोच खिळा. म्हणून बाईंनी बसणंच सोडून दिलं होतं. चहासुद्धा ओट्याशी उभ्यानं.

"अगं, हा माणूस सांगतोय बघ," नवऱ्यानं फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची."

"काल म्हणालात, गरम पाण्यात पाय बुडव."

"ते दुसऱ्या माणसानं सांगितलं होतं."

"मग त्या दोघांना एकदा समोरासमोर बसवा आणि काय ठरतंय ते मला कळवा."

"मी काय म्हणतो, दाखव ना कोणाला तरी. तुमच्याकडे डॉक्टर पायलीला पन्नास पडलेत."

हेच तर नको होतं. दाखवलं की बोभाटा झालाच. पुढच्या आठवड्यात सगळ्या नर्सेसची वर्षाची तपासणी होती, आणि जिचे पाय गेले तिची रवानगी तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत व्हायची. त्याला 'हलकं काम' म्हणत. लहान मुलांच्या वॉर्डातली एक सिस्टर गुडघ्यापायी तिथे गेली ती कायमचीच. ऑपरेशन झालेल्या माणसाचा चेहरा दारातून बघून याला दुखतंय की हा नुसता घाबरलाय, हे ओळखण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं त्यांना माणसांत काढायची होती, कागदांत नाही.

त्यांच्या वॉर्डाची एक ख्याती होती. तिथे खुर्ची नव्हती. नर्सच्या टेबलापाशी एक नाही की दोन नाही, स्टूलसुद्धा नाही. ही बाईंचीच करणी. फार पूर्वी दोन पोरी गप्पा मारत बसल्या होत्या आणि एका म्हाताऱ्याची सलाईनची बाटली संपून नळीत रक्त चढलं होतं. म्हाताऱ्याला काही झालं नाही, पण बाईंचा पारा असा चढला की त्यांनी मेट्रनला सांगून सगळ्या खुर्च्या हलवल्या. "बसलेली नर्स ही निम्मी झोपलेली असते," असं त्या प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी ऐकवायच्या. आता कोणत्या तोंडानं खुर्ची मागणार?

त्या दिवशी दुपारी टाचेनं हातच टेकले. बूट नवे होते, दवाखान्यानं सगळ्या नर्सेसना दिलेले. ज्यांना दिवसभर बसूनच काम करायचं असतं अशा कोणीतरी ते पसंत केले असावेत: काळे, निमुळते, आणि फळीसारखे ताठ. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे पेशंट जेवून पडले होते. पाच मिनिटं बूट काढून भिंतीला टेकावं म्हणून त्या चादरींच्या खोलीकडे वळल्या आणि दार लोटलं.

आत धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यांवर त्यांच्या तिन्ही पोरी पाय वर करून बसल्या होत्या. बूट दाराशी ओळीनं लावलेले. एकीच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. दुसरीच्या अंगठ्याचं नख मांसात घुसून लाल झालेलं. तिसरी, जिला सगळे चिमणी म्हणत कारण तिचं तोंड कधी मिटत नसे, ती टाचेच्या फोडावर पट्टी लावत होती. तिचं तोंड आत्ता उघडंच राहिलं.

तिघी ताडकन उठल्या. उठताना तिघींच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं.

"हे काय चाललंय?" बाई कडाडल्या.

"काही नाही सिस्टर, चादरी मोजत होतो," चिमणी म्हणाली.

"पायानं?"

 बाई दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीवर, सगळा भार डाव्या पायावर. चिमणीची नजर त्यांच्या उजव्या पायाशी गेली आणि तिथेच थांबली.

"आणि तुम्ही, सिस्टर? तुम्ही कशाला आलात?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.  पण त्या सरळ गाठोड्यावर बसल्या आणि बूट काढून फेकला.

"किती दिवस चाललंय हे लपूनछपून?"

"मी आले तेव्हापासून," नखवाली म्हणाली. "आधीच्यांनी आम्हाला दाखवली ही जागा. दोघी आत, एक बाहेर, अशी पाळी असते."

"मग आज तिघी कशा?"

"आज माझी बाहेरची पाळी होती," चिमणी म्हणाली, "पण फोड फुटला हो."

"मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाते का तुम्हाला?"

"खात नाही. पण निम्मी झोपलेली म्हणता."

तेवढ्यात बाहेर घंटा वाजली. सात नंबरची. एकदा, मग पुन्हा, मग कोणी बोट दाबूनच धरल्यासारखी. बाई सवयीनं उठायला गेल्या आणि पहिलंच पाऊल टेकताच परत गाठोड्यावर आदळल्या. चिमणी अनवाणीच धावली.

परत येऊन तिनं सांगितलं. सात नंबरचे आजोबा, कालच मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेले, कोणी येत नाही म्हणून स्वतःच उठून कठडा धरून उभे राहिले होते. पाय लटपटत होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर खाली. "काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तुमच्या टेबलापाशी कोणी दिसलं असतं तर थांबलो असतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. पेशंटवरून नजर हलू नये म्हणून खुर्च्या काढल्या, आणि त्यापायी अख्खा वॉर्ड पाळीपाळीनं चादरींत तोंड लपवून बसत होता. चीड आली ती कोणावर काढावी हेच कळेना. बुटावर काढली. लंगडत, तो हातात घेऊनच त्या मेट्रनच्या खोलीत शिरल्या.

मेट्रन त्यांच्याच बॅचची. शिकताना एका खोलीत राहिलेल्या दोघी.

"मला वॉर्डात खुर्च्या हव्यात. टेबलापाशी, जिथून सगळे पलंग दिसतात तिथे. आणि हे बूट नकोत."

मेट्रननं चष्मा कपाळावर सारला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तूच खुर्च्यांसाठी माझ्या दारात ठाण मांडून बसली होतीस. घेऊन जा म्हणून!"

"तेव्हा म्हटलं होतं, आता परत दे म्हणतेय."

"का?"

 पोरींची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग पोरी गोत्यात, आणि खुर्च्या राहिल्या बाजूला. मेट्रनला कारण लागणार, तेही डोळ्यांना दिसेल असं. बाईंनी उजवा पाय उचलून मेट्रनच्या समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"टाच टेकत नाही. कित्येक महिने. मी लपवलं. माझ्यासारखंच माझ्या वॉर्डात सगळे लपवतात, आणि लपायला जातात तेव्हा पेशंटजवळ कोणी नसतं."

मेट्रननं चष्मा परत नाकावर ओढून तो पाय बघितला. "अगं बये, हे आता मला कळलं. मी कळलं नाही असं कसं दाखवू? तुला खाली पाठवावं लागेल."

"माहितीये."

"मग कशाला सांगितलंस?"

"सांगितलं. आता तू उलटतपासणी घेऊ नकोस. खुर्च्या कधी पाठवतेस?"

तपासणीत जे व्हायचं ते झालं. सहा आठवडे तळघर, मग बघू, असं ठरलं. व्यायाम शिकवणारी पोरगेली डॉक्टरीण म्हणाली, "उठण्याआधी बोटं आपल्याकडे ओढून तळवा ताणायचा. तुम्ही पेशंटना रोज सांगताच की." हे ऐकून बाईंना तिला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं, पण ती सांगत होती ते खरं होतं. मऊ तळाचे बूट मिळाले. तळघरात खुर्चीही मिळाली, चांगली पाठ टेकायची, आणि समोर छतापर्यंत कागद. नवरा म्हणाला, "बरं झालं, आराम मिळाला." बाईंनी त्या दिवशी त्याच्याशी अबोला धरला.

चिमणीचा निरोप आला, खुर्च्या आल्या. जेवणाच्या सुट्टीत बाई बघायला वर गेल्या. खुर्च्या होत्या, टेबलापाशी, चांगल्या उंच. आणि तिन्ही पोरी त्यांच्या मागे उभ्या. बाई दिसल्या तशा आणखी ताठ झाल्या.

"अगं बसा ना!"

"तुम्ही उभ्या आहात ना, सिस्टर."

"म्हणजे मी आता यासाठीही बसू?" बाई चरफडत बसल्या. मग एकेक करून पोरी बसल्या, खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत. आणि नेमकी तेव्हाच मोठ्या सर्जनची फेरी आली. राउंडला डॉक्टर दारात आले की नर्सनं उभं राहायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही, ते गुडघ्यांनाच माहीत असतं. चिमणी अर्धी उठली. बाईंनी तिचा खांदा दाबून खाली बसवलं.

"बस. तोंडानं सांगायचंय, गुडघ्यानं नाही."

सर्जन थबकले. बसलेल्या चार बायकांकडे त्यांनी असं पाहिलं जणू चुकून दुसऱ्याच दवाखान्यात आलेत. मग म्हणाले, "सात नंबर कसे आहेत?"

चिमणीनं बसूनच सांगितलं. पहिलं वाक्य चोरीचा माल हातात असल्यासारखं पुटपुटली, पुढचं खणखणीत: ताप नाही, जखम कोरडी, सकाळी आधार देऊन दारापर्यंत चालवलंय. सर्जननं मान हलवली आणि ते पलंगाकडे निघाले, तेव्हा ती उठून त्यांच्यासोबत गेली, कारण आता उठायचं कारण होतं.

बाईंची सुट्टी संपत आली होती. त्यांनी बूट काढला, बोटं ओढून तळवा ताणला, बूट परत चढवला, मनातल्या मनात त्या पोरगेल्या डॉक्टरणीला चार शिव्या घातल्या आणि उठल्या. कळ आली. पहिल्याहून कमी, पण आली.

"सिस्टर," सात नंबरचे आजोबा पलंगावरून ओरडले, "तुम्ही वर कधी येणार परत?"

"मला काय विचारता?" बाई दाराकडे जाता जाता म्हणाल्या. "ह्या टाचेला विचारा. माझं ऐकत नाही मेली."