बोलायचं नाही, वाजवायचंय

"मला बोलायचं नाहीये," कंडक्टरबाई म्हणाल्या. "वाजवायचंय."

मोबाइल कंपनीच्या काउंटरमागच्या टायवाल्याने चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं. ते कंपनीचं होतं, त्याला परस्पर काढता येत नव्हतं.

"म्हणजे रिंगटोन बदलायची का, मॅडम?"

"रिंग द्यायची. एक. समोरच्याने उचलायचं नाही, मी कापायचं. एवढंच काम. जुन्या फोनवर न बघता करायचे. तुमचा हा पहाटेपासून गोल गोल फिरतोय."

काउंटरवर ठेवलेल्या स्मार्टफोनच्या काचेत खरोखरच एक वर्तुळ फिरत होतं.

"अपडेट होतोय, मॅडम. म्हणजे तो अजून चांगला होतोय."

"तो चांगला होईपर्यंत मी मेले असं समजतील, त्याचं काय?"

टायवाल्याला ही अतिशयोक्ती वाटली. ती नव्हती.

कंडक्टरबाईंची धाकटी जाऊ दीड तासावरच्या गावात शिवणकाम करायची. सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा छताचा पंखा धाकटीकडे गेला आणि त्याचा रेग्युलेटर थोरलीकडे राहिला. 'आधी तू दे' यावरून जे बोलणं थांबलं, ते थांबलंच. दोघींचे नवरे गेले, धाकटीचा पंखा वर्षानुवर्षं फुल स्पीडवर फिरत राहिला, पण कुणी माघार घेतली नाही. मग कधीतरी एका सकाळी एक रिंग आली आणि तिला एक रिंग परत गेली. पहिली कुणी दिली, यावरही वाद झाला असता, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवला की थोरलीची रिंग. तिचा अर्थ, मी आहे. पाठोपाठ धाकटीची. तिचा अर्थ, मीही आहे, तुमच्या कृपेने नव्हे. एखाद्या सकाळी रिंग आली नाही तर काय करायचं, हे मात्र ठरलेलं नव्हतं. ठरवणार कसं?

हे फुकटचं संभाषण कंपन्यांच्या डोळ्यांवर आलं असावं. आधी नुसता फोन यायला पैसे पडत नसत. मग आलेला फोन वाजायलाही दर महिन्याला रिचार्ज लागू लागला, आणि कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर रोजचं इंटरनेट गळ्यात. कंडक्टरबाईंनी उभा जन्म तिकिटं फाडली होती, पण जो गाडीत चढलाच नाही त्याला रोज तिकीट फाडायची कल्पना त्यांच्या खात्याला कधी सुचली नव्हती.

त्यात मुलाने स्मार्टफोन पाठवला.

"आई, जग कुठल्या कुठे गेलं!"

"जाऊ दे की. माझं काय अडलंय?"

जुना फोन बादलीत बुडून निघाला होता, डेपोत गाडीच्या पायरीवरून तीनदा पडला होता आणि दर वेळी झाकण लावलं की कामाला लागला होता. पण मुलाच्या समाधानासाठी त्यांनी नवा घेतला. नव्याला दुपारपर्यंत भूक लागायची. आज तर त्याने चहाच्या वेळेलाच आजारपण काढलं.

"माझ्या फोनवरून लावा ना," टायवाल्याने तोडगा काढला.

"अनोळखी नंबर ती उचलत नाही."

"पण उचलायचंच नाहीये ना?"

"उचलायचं नाहीये. पण कुणाचा उचलला नाही, हे तिला कळायला नको?"

टायवाल्याचं हसू पहिल्यांदाच जरा सैल झालं. मागची रांग चुळबुळली. कंडक्टरबाई न वळता म्हणाल्या, "मागून रेटू नका. सगळ्यांचा नंबर येणार आहे." रांग गप्प झाली. त्यांनी पिशवीतून जुना फोन काढून काचेवर ठेवला.

"कार्ड यात घाला."

"मॅडम, याचं नेटवर्क आम्ही बंद करतोय."

"कधी?"

"वरून कळेल."

"वरून कळलं की मला कळवा. आत्ता घाला."

"पण या फोनमध्ये काहीच नाहीये!"

"म्हणूनच चालतो."

नव्या फोनसाठी कापलेलं ते नखाएवढं कार्ड जुन्यात बसेना. कुठल्याशा खणातून एक प्लास्टिकची चौकट निघाली, कार्ड तिच्यात बसवलं आणि फोन झोपेतून उठल्यासारखा चालू झाला. कंडक्टरबाईंनी तिथेच उभ्याने एक रिंग दिली, कापली आणि फोन हातात धरून थांबल्या.

उत्तर आलं नाही.

त्यांनी दुसरी दिली. हे नियमात नव्हतं. तिसऱ्या वेळी कापलंच नाही. फोन पार शेवटापर्यंत वाजला आणि पलीकडची बाई यांत्रिक आवाजात म्हणाली, उत्तर मिळत नाही. धाकटीला साखरेचा त्रास होता. शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत ती एकटीच झोपायची. कंडक्टरबाईंनी पिशवी काखेत मारली. घरून दोन कपडे नि पैसे घ्यायचे आणि मिळेल ती गाडी पकडायची, एवढंच डोक्यात ठेवून त्या निघाल्या.

जिन्यातच ठोकाठोक ऐकू आली. वरच्या मजल्यावर त्यांच्याच दारासमोर माणसं जमली होती. सुतार छिन्नी लावून लॅच उचकटत होता, खालच्या मजल्यावरचे मास्तर पोलिसांना कळवावं का यावर मत मागत होते, आणि धाकटी दारावर दोन्ही हात आपटत होती.

"ताई! अहो ताई! दार उघडा हो! एवढा कसला राग?" मग मास्तरांकडे वळून, "हट्टी हो फार. जन्मात कुणाला काही सांगितलं नाही, मरताना काय सांगणार? पण मनाने..."

मनाने काय, हे ऐकायला कंडक्टरबाई दोन पायऱ्या खालीच थांबल्या. पण धाकटीला हुंदका आला आणि वाक्य तसंच राहिलं.

"सुतार, हात आवर!" त्या ओरडल्या.

सुतार दचकला, हातोडी पडायची तिथे पडली आणि लॅच निखळून खाली आलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटीने पदराने डोळे पुसले, पुन्हा पाहिलं आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला.

"जिवंत आहात?"

"तुझा फोन कुठाय?"

"राहिला मशीनवर. तुमचा बंद, म्हणून धावत आले. लोकांचे कपडे अर्धे टाकून!"

कंडक्टरबाईंचा जीव भांड्यात पडला. पडल्याबरोबर त्यांना मूळ मुद्दा आठवला.

"बोललीस. आधी तू बोललीस."

"मी? तुमच्याशी कुठे? मी दाराशी बोलत होते."

"दाराला ताई म्हणतेस?"

"म्हणते. तुमच्यापेक्षा बरं आहे. चार ठोक्यांत ऐकलं."

मास्तर खाली गेले. सुतार, नवं लॅच उद्या, असं सांगून गेला. तेवढ्यात जुना फोन वाजला. मुलगा होता.

"आई, होतीस कुठे? सकाळपासून लावतोय!"

"अपडेट होत होते. शेवटी जुना फोन काढला."

"आणि जुना फोन का काढलास? तो बंदच होणारे ना आता!"

"होऊ दे. गाड्या बंद नाही झाल्या अजून," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

धाकटीने पिशवी उचलली. "निघते. माझी गाडी आहे."

"ती गेली," कंडक्टरबाई म्हणाल्या.

त्या मार्गावर त्यांची अर्धी नोकरी झाली होती. गाडी यायला अजून वेळ होता. धाकटीला तरी ते माहीत नव्हतं असं नाही, तिने येतानाच थांब्यावर विचारून घेतलं होतं. तिने दारातून बाहेर पाहिलं, मग आत येऊन पिशवी भिंतीशी ठेवली आणि खुर्चीवर बसली.

लॅच नसलेलं दार सताड उघडं होतं. थोड्या वेळाने खाली कोपऱ्यावर गाडी येऊन थांबली, माणसं चढली, गाडी निघून गेली. आवाज दोघींनाही स्पष्ट ऐकू आला. मान कुणीच वळवली नाही.