डोंगा आणि दगड यांच्यामध्ये

कुंजीलाल पाटलाला त्या सोमवारी नदी ओलांडून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. अकरा एकर धानाच्या बांध्या, त्यांना पाणी देणारी एक बोडी, नऊ आंबे, चार मोह, आणि बोडीतल्या मासळीवर वर्षाला जे सुटेल ते. खर्चाच्या बाजूला पलीकडच्या रजिस्ट्री ऑफिसातला स्टॅम्प, लिहिणाऱ्याचे बारा आणे, बैलगाडीचं भाडं आणि दोघांची उतराई, म्हणजे डोंग्यातून नदीपार नेण्या-आणण्याचा माणशी एक आणा. या सगळ्यात एकच वस्तू बाजारात मिळणारी नव्हती. दुलारीबाईचा अंगठा.

दुलारीबाई ही कुंजीलालच्या धाकट्या भावाची विधवा. वय चौसष्ट. जमीन तिची स्वतःची, बापानं लग्नात आंदण दिलेली, वैनगंगेच्या त्या काठाला, तिच्या माहेरच्या गावी. नवरा होता तोवर नवऱ्यानं ती बघितली. तो गेल्यावर भासऱ्यानं, म्हणजे या थोरल्या दिरानं बघितली, आणि बघता बघता ती त्याच्या मनात भरली. मूलबाळ नसलेल्या बाईची जमीन उद्या तिच्या भाच्यांच्या घशात जाईल, हे त्याला जेवताना आठवायचं आणि घास अडकायचा. मग त्यानं तोडगा काढला. जमीन त्याच्या नावे करायची, आणि बदल्यात दुलारीला मरेपर्यंत दोन वेळचा भात व वर्षाला दोन लुगडी. दवनीवाड्याच्या त्या घरात बेचाळीस वर्षं तो भात दुलारीच रांधत होती. तिनं रांधलेला भात तिलाच वाढून वर अकरा एकर घ्यायचे, असा हा सौदा. असा सौदा करणाऱ्याला आपल्याकडे हुशार म्हणतात आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात.

दुलारी हो म्हणाली होती. नाही म्हणून मग राहायचं कुठे, हे काही कोणी तिला सांगितलं नव्हतं.

तिला भीती कागदाची नव्हती. भीती उतरण्याची होती, आणि ती खरी होती. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली नाव. तिला ना रुंदी, ना धीर. पंचविशीतला माणूस तीतून उडी मारतो आणि आपण काही केलं हेही त्याच्या ध्यानात येत नाही. साठीनंतर नदी तेवढीच असते, पण डोंगा आणि काठ यांच्यामधली जागा दर वर्षी बोटभर वाढते.

घाटावर डोंगा वल्हवणाऱ्या सुकराम ढिवराला हे ठाऊक होतं. त्याचं स्वतःचं वय पंचावन्न, आणि म्हाताऱ्या माणसांना कोरडं उतरवण्याची त्यानं एक रीत बसवली होती. पहिल्यांदा तो खाली उतरे. डोंगा दोरानं खुंटाला बांधून, वर आपल्या मांडीनं दगडाशी दाबून धरी. बांबू पाण्यात रोवून ठेवी. मग म्हाताऱ्यानं डोंग्याच्या तोंडाशी असलेल्या आडव्या फळीवर बसायचं, बसल्या बसल्या वळायचं, दोन्ही पाय दगडावर टेकवायचे, दोन्ही हातांनी बांबू धरायचा आणि मगच उठायचं.

"एक पाय हतं, एक पाय ततं, असं करू नोको, माय," तो दुलारीला सांगे. "दोन्ही पाय एकाच घरी ठेव. अन् उठाची घाई नोको. नदीले काई घाई नाई."

दरवर्षी तीजेला दुलारी एकटी माहेरी जात असे. बारा वर्षं ती अशी बसून उतरली. बारा वर्षांत अंगठ्याच्या वर पाणी लागलं नव्हतं. गुडघे गेले होते, पण रीत पक्की होती. फळीवर बसताना ती सुकरामला चिडवायची, "पाहा, पाटलीण गादीवर बसून राहिली."

या सोमवारी मात्र डोंग्यात भासरा होता.

भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको उंचावर बसत नाही. तोंड हनुवटीपर्यंत झाकते. त्याच्याशी बोलत नाही. त्याची सावली अंगावर पडू देत नाही, आणि स्पर्श झालाच तर दोघांनाही जातीच्या पंचांपुढे उभं राहावं लागतं. विसाव्या वर्षी हे नियम जड वाटतात, पण गुडघे चांगले असल्यामुळे पेलतात. चौसष्टाव्या वर्षी हेच नियम पाळून नदीतून उतरायचं म्हणजे काय, याचा विचार ते नियम करणाऱ्या कोणा पुरुषानं केलेला दिसत नाही.

तर कुंजीलाल फळीवर बसला. दुलारी तळात, ओल्या लाकडावर, पाठमोरी, पदर खाली ओढून. कार्तिकातलं पाणी होतं, ओढ कमी पण खोली पुरती.

"सुकऱ्या," कुंजीलाल म्हणाला, "तिले सांग, साहेब इचारीन, राजीखुशीनं देऊन राहिली का म्हून. हो म्हनाव."

दुलारी तीन हातांवर होती. सुकरामनं वल्हं थांबवलं. "माय, साहेब इचारीन तं..."

"आइकलं," दुलारी डोंग्याच्या तळाला म्हणाली. "सुकराम, तुया पाटलाले इचार, साहेबानं इचारलं का घरी भात कोन रांधते, तं काय सांगू?"

"पाटील, माय म्हनते..."

"मले कान हायेत."

"मंग मले कायले मधात घेऊन राहिले तुमी?" सुकराम म्हणाला. "मले वल्हवू द्या नं. उतराई एक आना हाये, वकिली धरून नाई."

पलीकडच्या काठाला घाटाच्या ठेकेदारानं एक काळा दगड टाकला होता. त्यावर शेवाळ होतं आणि तो पाण्यापेक्षा हातभर उंच होता. डोंगा लागताच सुकराम उतरला आणि दोर हातात धरून म्हणाला, "पाटील, पहिले मायले उतरू द्या. तुमी मांगं बसून राहा. तुमच्या वजनानं डोंगा दबून राहते."

"बाई पुढं अन् मी तिच्या मांगं मांगं? लोक पाहून राहिले."

वर ठरवलेल्या बैलगाडीत गाडीवान झोपला होता. काठावर एक म्हैस होती. तीही पाहत नव्हती.

"मंग तुमी तरी बसून उतरा. या हिशेबानं..."

"मी काय लेकरू हाव? खांदा दे इकडं."

कुंजीलाल एकाहत्तरचा होता आणि त्याचे गुडघे न वंगणलेल्या बंडीच्या चाकांसारखे वाजत. पण पाटलाचं म्हातारपण दुसऱ्याच्या खांद्यावर उतरतं, हा नियम त्यानं कोणा पंचाला न विचारता केला होता.

"खांदा देईन, पन मंग डोंगा कोन धरीन?"

"डोंगा काय पळून जाते? दे म्हनलं नं!"

सुकरामनं दोर खुंटाला एक वेढा मारून तसाच सोडला, कारण पाटलाचा हात तोवर त्याच्या मानेवर येऊन पडला होता. गाठ मारायला दुसरा हात लागतो, आणि त्याचे दोन्ही हात पाटलाच्या कमरेला होते. दगडावर आल्यावरही कुंजीलालनं खांदा सोडला नाही. शेवाळावरून कोरड्या जागेपर्यंत पाच पावलं सुकरामला त्याला न्यावं लागलं. इकडे वजन गेल्यानं डोंगा वीतभर वर आला, वेढा सैल झाला, आणि तोंड दगडापासून सुटू लागलं.

"आता तिकडं तोंड करून उभे राहा, पाटील," सुकराम घाईनं म्हणाला. "मायले फळीवर बसून उतरा लागते. ते तुमच्यासमोर बसनार नाई."

"मर्यादा तिची हाये, तिनं राखाव. मी कायले तोंड फिरवू?" कुंजीलाल चार पावलं परत खाली आला, दगडाच्या कडेशी उभा राहिला, आणि घसा खाकरून, कोणाकडेही न पाहता, घरात ओरडायचा तसा ओरडला, "चाला! आफिस बंद होऊन राहिलं!"

बेचाळीस वर्षं त्या आवाजाला दुलारी उठून उभी राहत आली होती. चुलीपुढून, जात्यावरून, तापातून, नवऱ्याचं प्रेत उचललं त्या दिवशी कोपऱ्यातून. पाय मोडून घ्यायला माणसाला वेगळी चूक करावी लागते असं नाही. रोजचीच करावी, फक्त पाण्यावर करावी.

ती उभी राहिली.

"माय, बस! बसून राहा!" सुकराम धावला.

पदराखालून तिला स्वतःची बोटं आणि वीतभर लाकूड एवढंच दिसत होतं. तिनं एक पाय दगडावर टाकला. दुसरा डोंग्यात होता आणि डोंगा निघाला होता. ती दोन्हींच्या मध्ये सरळ खाली गेली, कमरेपर्यंत. मग दोरानं हिसका खाल्ला आणि डोंग्याचं तोंड परत आलं, तिचा डावा पाय दगडावर दाबून.

तिनं हात वर केला. ज्याच्या पायांपाशी तो हात आला तो कुंजीलाल होता. त्याला पाऊल पुढे टाकायची गरज नव्हती. थोडं वाकला असता तरी पुरलं असतं.

मागून धावत येणाऱ्या सुकरामला पाटलाची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीवर कुंजीलालनं आपले दोन्ही हात नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. चुकून पुढे जातील म्हणून.

सुकराम त्याला ढकलूनच पाण्यात उतरला. डोंगा खांद्यानं रेटला, बाईला कवेत उचललं आणि वाळूवर आणून ठेवलं. घोट्याच्या वर पाय नको तिकडे वळला होता. दुलारी ओरडली नाही. ती ओकली.

कुंजीलालनं धोतर झटकलं. घाटावर ठरवलेली बैलगाडी उभी होती, तिला त्यानं हाक मारली.

"वैद्याकडं न्या लागीन," सुकराम म्हणाला. "माहेर कोसावर हाये मायचं."

"वैद्य कोठं जात नाई. आफिस जाते." कुंजीलालनं आवाज खाली आणला. "पाहून घे रे, अंगठ्याले तं काई झालं नाई नं?"

सुकराम उठून उभा राहिला. तो काही बोलणार होता. त्याच्या आधी दुलारी बोलली. पदर ओला होऊन खांद्यावर पडला होता, पांढरे केस कपाळाला चिकटले होते, आणि ती कुंजीलालकडे सरळ पाहत होती.

"भासरेजी."

कुंजीलाल गर्रकन फिरला आणि पाठ करून उभा राहिला. आता फिरला.

"फिरा, फिरा. आता चांगले फिरले. माया हातचा भात खाल्ला तुमी बेचाळीस वर्सं. तवा हा हात चालला. तुमची आई सरली, तिचं हागनंमुतनं या हातानं काढलं, तवा चालला. आज कागदावर पायजे, तवा बी चालते. अन् पान्यातून वर आला तं बाटला? कायले मांगं नेले हात? सांगा नं! अकरा एकर घ्याले हात हायेत, अन् एका बाईले वर घ्याले नाईत?"

"सुकऱ्या," पाठमोरा कुंजीलाल म्हणाला, "तिले सांग, मर्यादा..."

"तूच सांग, मुडद्या!" दुलारी किंचाळली. "मी हतं हाव! तुया मांगं, तीन हातांवर!"

गाडीवान खाली मान घालून बैलांच्या वेसणी तपासू लागला. सुकरामनं कोणाला न विचारता बाईला गाडीत निजवलं.

"कोनीकडं?" गाडीवानानं विचारलं.

"माया शेतावर," ती म्हणाली. "अंगठा बी तिकडंच येते माया संग."

कुंजीलाल घाटावर राहिला. परतताना तो फळीवर बसला आणि या काठाला सुकरामच्या हातावर एक आणा ठेवला.

"दोन होतात, पाटील."

"तिची उतराई कायची? ते उतरली कोठं? पडली."

कोणी काय भरलं, ते आता लिहून टाकू. माहेरच्या वैद्यानं हाड बसवलं, पण वाकडंच बसलं. दुलारी पुढे सात वर्षं आपल्या जमिनीचा भात खाऊन जगली. त्या सात वर्षांत ती बाजेवरून ओसरीपर्यंत घसटत जाई, त्यापुढे नाही. अंगठा तिनं कोणालाच दिला नाही. त्यामुळे कुंजीलालला जमीन मिळाली नाही हे खरं, पण जे आपलं नव्हतंच ते न मिळण्याला भरणं म्हणत नाहीत. उलट त्या साली आमगावच्या एका लग्नात जातीच्या वडीलधाऱ्यांनी, समोर माणूस बुडत असूनही मर्यादा सोडली नाही म्हणून, त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. सुकरामविरुद्ध दोन तक्रारी गेल्या. एक, डोंगा बांधला नव्हता. दोन, घरंदाज बाईला कवेत धरलं. ठेकेदार गुलाबचंद गोंदियाचा. त्याचा धानाचा व्यवहार पाटलाशी होता, ढिवराशी नव्हता. महिन्याभरात घाटावर दुसरा माणूस आला, आणि त्याला बसून उतरवायची रीत ठाऊक नव्हती.

बेरीज अशी. दुलारी, एक पाय. सुकराम, एक घाट. कुंजीलाल, एक आणा.