समोरची सेल्मा

आमच्या दारासमोरच्या फुटपाथवर तळहाताएवढा, पितळी पत्रा मढवलेला दगड बसवलेला होता. त्यावर कोरलं होतं: इथे सेल्मा ब्राख राहत होती, १९४२ साली तिला रिगाला नेलं, मारलं. नाझींनी नेऊन मारलेल्या ज्यूंच्या नावाचे असे दगड आमच्या लाइपझिगमध्ये पुष्कळ आहेत. १९३८ साली ज्यूंची घरं-दुकानं फोडली, त्या नऊ नोव्हेंबरला लोक ते घासून शेजारी मेणबत्ती लावतात. तळमजल्यावरच्या फ्राउ वेंडलरना मात्र वर्षातून एकदा घासणं पुरत नसे. दर रविवारी त्या गुडघ्यांखाली उशी घेऊन बसायच्या, जुन्या टूथब्रशने सेल्माला लख्ख करायच्या आणि आठवडाभराच्या बातम्याही तिला सांगायच्या. त्यात माझ्या चुगल्या असत. वरच्या खिडकीतून मी स्वतः ऐकल्या आहेत.

म्हातारीचा जन्म तळमजल्यावरच्या त्याच घरातला. सेल्मा वर, म्हणजे माझ्याच घरात राहायची, हे म्हातारीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्या ओट्यावर उष्टे कप दिसले की ऐकवायची, "फ्राउ थीले, सेल्माच्या स्वयंपाकघराची काय दशा केलीत?" मी कप धुवायची, कारण ती येताना आलुबुखारचा केक आणायची. स्वतःच्या आईचा विषय निघाला तर सांगायची, की आई दिवसभर स्वयंपाकघरात रस्त्याकडच्या खिडकीत बसून बटाटे सोलायची. त्या लोकांना कसं नेलं, असं लहानपणी विचारलं तर आई म्हणे, मागच्या अंगणातून नेलं असेल, आपल्याला काही दिसलं नाही.

मग मार्चमध्ये दगड बसवणाऱ्या मंडळाचा एक माणूस ओशाळत आला. युद्धानंतर रस्त्यावरच्या घरांचे क्रमांक बदलले होते आणि ते तपासायचं राहून गेलं होतं. सेल्मा आमच्या इमारतीत कधी राहिलीच नव्हती. ती ट्रामच्या रुळांपलीकडे, बरोबर समोरच्या घरात राहायची. दगड आता तिकडे हलवणार होते.

फ्राउ वेंडलर त्या माणसाशी भांडल्या, मग माझ्याशी, मग कोणाशीच बोलेनाशा झाल्या. समोरचे लोक स्वतःच्या दाराची पाटी पुसत नाहीत, ते सेल्माला काय बघणार, हा त्यांचा घोर. दगड हलवला त्या दिवशी त्या घराबाहेरही पडल्या नाहीत. केक बंद झाला. मला करमेना, आणि ते केकमुळे नव्हतं.

शेवटी एका रविवारी उशी काखेत मारून मीच त्यांना हाताला धरून रूळ ओलांडून नेलं. त्या बसल्या आणि पितळ घासू लागल्या. "इथे ऊन बरं येतं गं तुला," एवढंच सेल्माला म्हणाल्या. त्यांचा चेहरा निवळला. मग भिंतीचा आधार घेत उठल्या, वळल्या आणि तशाच थांबल्या.

समोर त्यांचं स्वयंपाकघर होतं. जाळीच्या पडद्यामागे त्यांची किटली ओळखू येत होती, आणि आईची खुर्चीही.

"इथूनच नेलं असणार तिला," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारानं."

मी उशी उचलून काखेत घेतली. त्यांचा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला नाही, की कॉफी ठेवली नाही. आईची खुर्ची ओढून खिडकीखाली लावली आणि मला म्हणाल्या, "तो पडदा काढून द्या, फ्राउ थीले. माझा हात पोचत नाही."