डोंगरावरचा पंप

"मग तूच सांग, शरीफ. पंप ठेवायचा की काढायचा?"

खल्फानने भर बैठकीत असं विचारल्यावर शरीफ गोंधळला. मशिदीच्या ओट्यावर सगळं गाव बसलं होतं. बायका पलीकडे, डाळिंबांच्या सावलीत. शरीफ दापोलीकडचा पंप मेकॅनिक. मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपमधून तो कितीदा तरी हा डोंगर चढून आला होता, पण त्याचं मत इथे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

वादळात कडा कोसळून गावाचा फलज बुजला होता. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून पाणी आणणारा, वाडवडिलांनी खोदलेला पाट. तेव्हा अधिकाऱ्यांनी खाली सपाटीवर नवी घरं देऊ केली. गावाने नाही म्हटलं. शरीफच्या कंपनीचा पंप भाड्याने विहिरीवर बसवून घेतला, खल्फानला पाण्याचा कारभारी निवडलं आणि घराघराने पाळी लावून भुयारातले दगड उपसले. आता पाणी पुन्हा आपल्या पायांनी गावात येत होतं.

मस्कतहून निघताना अर्बाबने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, बजावलं होतं, "पंप राहू द्या म्हणून सांग. तिथलं काम गेलं तर तूही खलास."

सकाळीच शरीफ भुयारात वाकून बराच आत जाऊन आला होता. गावकऱ्यांनी पाटाच्या भिंतीचे दगड असे सांधले होते, की त्यालाही ते जमलं नसतं.

तो उठला. "काढा," मोडक्या अरबीत म्हणाला. "पाणी तुमचं तुम्ही आणलंत."

हात वर झाले, बायकांचेही. ठरलं. खल्फानने सरकून त्याला शेजारी जागा केली, कहवा पुढे केला. "आता पाण्याच्या पाळ्या ठरवायच्यात. बस."

बैठक उठल्यावर शरीफने घरी बायकोला, खुदेजाला फोन लावून झालेलं सांगितलं.

"मंग आता तुमचा काय?" तिने विचारलं.

"बघू. गाल्यात दुसरी वर्कशॉपं आहेत. इन्शाल्ला."

ती म्हणाली, "खरं तेच बोललात ना? मंग जेवून निघा. उपाशी गाडी चालवू नका."

दुपारी गावातल्यांनी हात लावला तेव्हा कुठे पंप पिकअपवर चढला. चौथऱ्यात रोवलेले बोल्ट तेवढे वर राहिले. कुणाला ठेच लागायला नको, म्हणून ते कापायला शरीफने लोखंडाची करवत काढली. तेवढ्यात एक म्हातारी शेळी ओढत आली. हाताने त्याला बाजूला सारून तिने एका बोल्टला शेळीचा दोर बांधला, हिसका देऊन गाठ पाहिली आणि घराकडे वळली.

शरीफने करवत पुसली आणि पेटीत ठेवली.